मामीच्या कोंबड्यांची वही : अकोल्याच्या एका वाडीतला वर्षभराचा हिशोब

2023 ची दिवाळी. मी मामाकडे गेले होते, अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला डोंगरात वाडी आहे. (नगर जिल्हा, आता अहिल्यानगर.) बाजारचा दिवस होता म्हणून मामीबरोबर निघाले. तिच्या एका हातात तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी), दुसऱ्या हातात कोंबडा, दोघांचे पाय सुतळीने बांधलेले. कोंबडा मोठा, लाल-काळा, तुरा असा टवटवीत की चालता चालता मी दोनदा त्याच्याकडे बघत राहिले. फाट्यावर जीपची वाट बघताना मी किराणा दुकानदाराला म्हटलं, भाऊ जरा काट्यावर ठेवू का, तर तलंग 1 किलो 400 आणि कोंबडा 1 किलो 650 भरला. मामी म्हणाली, दोन्हीचे मिळून आठशे आले तर पोराचा रेनकोट नाही पण स्वेटर होईल.

बाजारापर्यंत आम्ही पोचलोच नाही. फाट्यावरच व्यापारी उभा असतो, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी जाळीचे पिंजरे, सकाळी सातपासून. त्याने कोंबडा उचलला, हातावर झुलवल्यासारखा केला, छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाला, "मावशी, दोघांचे पाचशे." मामी आठशेवरून सातशेवर आली, सातशेवरून साडेसहाशेवर, मग जीप आली, जीपवाला हॉर्न वाजवायला लागला आणि सौदा 550 ला तुटला. म्हणजे किलोला 180 रुपये! त्याच आठवड्यात नाशकात आमच्या कॉलनीजवळ गावरान म्हणून जिवंत कोंबडी पाचशेच्या पुढे सांगत होते, आणि ती खरी गावरान तरी होती का कुणास ठाऊक.

मला फार वाईट वाटलं आणि मी परतताना व्यापाऱ्याला नावं ठेवत बसले. मामी काही बोलली नाही. घरी आल्यावर मामेबहिणीची, ती तेव्हा दहावीला होती, एक अर्धी कोरी वही घेतली आणि ठरवलं की पुढच्या दिवाळीपर्यंत प्रत्येक कोंबडी लिहायची. कधी अंड्यावर बसली, किती निघाली, किती गेली, कुणाला विकली, कितीला, आणि मुख्य म्हणजे का विकली. हा शेवटचा रकाना मामेबहिणीने सुचवला, मला सुचला नव्हता. आज वाटतं सगळी वही एका बाजूला आणि तो रकाना एका बाजूला. पुढच्याच आठवड्यात मी साडेतीनशे रुपयांचा लटकवायचा डिजिटल काटा पाठवला आणि घरातली प्रत्येक विक्री वजन करूनच झाली, घेणारा वजनावर घेवो न घेवो.

आधी घरची परिस्थिती सांगते. मामाकडे भात आणि नागली, जमीन दोन एकरच्या आत, सगळी पावसावर. भात झोडून झाला की मामा-मामी दोघं नारायणगावकडे मजुरीला जातात, टोमॅटोच्या सीझनला पुन्हा. कोंबड्या मामीच्या. म्हणजे खरंच तिच्या, त्यातला पैसा मामा मागत नाही, आणि वाडीत बहुतेक घरात असंच आहे. वही सुरू केली तेव्हा 6 कोंबड्या, 1 कोंबडा, आणि पायात घुटमळणारी 9 पिल्लं होती. खुराडं म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात मातीच्या भिंतीला लागून केलेलं, वर जुना पत्रा, तोंडाला लाकडी फळी. खायला कणी, भाताचा कोंडा, उष्टंमाष्टं, बाकी त्या दिवसभर उकिरडा आणि बांध उकरून खातात. पिल्लांसाठी मामी वाळवी धरते. जुन्या मडक्यात ओलं शेण, काटक्या, पोत्याचा तुकडा कोंबायचा आणि ते वारुळाजवळ उपडं घालून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं उचललं की आत वाळवी वळवळत असते, ती पिल्लांसमोर झटकायची. पिल्लं जी तुटून पडतात ना, ते बघण्यासारखं असतं. विकतचं खाद्य ज्यांना परवडत नाही त्यांनी शोधलेलं हे प्रोटीन आहे आणि मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

आता गावरान कोंबडीचं गणित असं की ती वर्षाला मोजकीच अंडी देते, तीही सलग नाही. बारा-पंधरा अंडी दिली की खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, मग 21 दिवस अंड्यावर, मग दोन-अडीच महिने पिल्लांमागे. म्हणजे वर्षाकाठी दोन किंवा तीन फेऱ्या. फार्मवाल्या माणसाला हे नुकसान वाटेल पण मामीला ना इन्क्युबेटर लागतो ना लाईट, कोंबडी स्वतःच मशीन आहे. मध्ये मी हौसेने तिला वीस सुधारित जातीची पिल्लं आणून दिली होती, वजन लवकर घेतात म्हणून. हैदराबादची वनराजा, बंगळुरूची गिरीराजा या जाती परसातल्या कोंबडीसाठीच काढलेल्या आहेत आणि सपाटीच्या गावात कुंपण असेल तर चांगल्या चालतात, मी बघितलंय. पण इथे ती जड पिल्लं घार आली तरी पळेनात, आई नाही त्यामुळे कुणी "क्रर्र" करून बोलवायला नाही, महिन्यात सात राहिली. मोठ्या झालेल्या कोंबड्यांपैकी एकही खुडूक बसली नाही. मामी म्हणाली, ही अंडी देतील पण पोरं कोण काढील? ती चूक माझी होती, वहीच्या हिशोबात ती पिल्लं धरलेली नाहीत.

वर्षभरात गावरान कोंबड्यांनी 13 वेळा अंडी उबवली. 148 अंडी बसवली, 117 पिल्लं निघाली. हे प्रमाण उत्तम आहे. पण तीन महिन्यांची होईपर्यंत राहिली 61. गेलेल्या 56 पैकी 41 पहिल्या महिन्यातच गेली, घार, कावळा, मुंगूस, आणि जुलै-ऑगस्टचा गारठा. आपल्याकडे पाऊस असा की आठ-आठ दिवस चुलीशिवाय काही कोरडं राहत नाही. डिसेंबरनंतर मामीने पिल्लं पहिले तीन आठवडे दिवसाही डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवायला सुरुवात केली, आई बाहेर आणि पिल्लं आत, किंवा दोघं आत, आणि त्या फेऱ्यांमध्ये मर निम्म्यावर आली. डालगं घरचंच होतं, भाताच्या कामाला पडलेलं असायचं. खर्च शून्य.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मानमोडी. राणीखेत म्हणतात त्यालाच, आपल्याकडे मान पिळवटली जाते म्हणून मानमोडी. हिरवी हगवण, पंख लोंबतात, मान वाकडी होते, आणि मग एकेक करत खुराडं रिकामं. 2022 च्या मे महिन्यात मामीच्या 23 पैकी 19 कोंबड्या आठ दिवसात गेल्या. ते तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज कोणी माणूस गेल्यासारखा होता, आणि मी तेव्हा "अगं पुन्हा होतील" असं म्हणून गेले, आता त्याची लाज वाटते. त्या धास्तीने वाडीतले सगळे मार्च संपला की कोंबड्या काढायला लागतात. उन्हं तापली की रोग येतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून सगळे एकाच पंधरवड्यात फाट्यावर, आणि व्यापाऱ्यालाही माहीत की हे लोक घाबरून आलेत. तो भाव पाडतो म्हणण्यापेक्षा भाव आधीच पडलेला असतो, तो फक्त उचलतो.

लस आहे, वर्षानुवर्षं आहे, महागही नाही. पिल्लाला सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, दोन महिन्यांची झाली की आर टू बी चं इंजेक्शन. अडचण अशी की बाटली शंभर डोसची येते, सुरुवातीपासून थंड ठेवावी लागते, आणि एकदा पाणी घालून फोडली की दोन तासात संपवायची. मामीकडे तेव्हा सगळ्या मिळून पंचवीस-तीस पक्षी. म्हणजे एकटीने आणून उपयोग नाही, पाऊणशे डोस फेकायचे का? म्हणून फेब्रुवारीत नऊ घरं एकत्र आली. वाचायला सोपं वाटतं पण यासाठी मामी तीन आठवडे घरोघर फिरली. पहिल्यांदा बाटली आणली त्या दिवशी वाटेत जीप दीड तास बंद पडली, थर्मासमधला बर्फ पाणी झाला आणि पशुसखीने (गावात जनावरं-कोंबड्यांचं बघणारी, शिकवून तयार केलेली बाई) ती लस टोचायला नकार दिला. बरोबर केलं तिने, पण बायकांची मजुरी बुडाली होती, चिडल्या. दुसऱ्यांदा पहाटे पाचला, कोंबड्या खुराड्यात असतानाच, बॅटरीच्या उजेडात एकेक काढून टोचत गेले आणि दीड तासात 94 पक्षी झाले. दहाव्या घराने ऐनवेळी नाही म्हटलं, लस टोचली की कोंबडी अंडी बंद करते म्हणून. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, अंड्यावरच्या कोंबडीला टोचलं की काही दिवस अंडी कमी होतात, ते आधीच सांगायला हवं होतं.

एप्रिलमध्ये खालच्या वाडीत मानमोडी आली. आमच्या नऊ घरांत मिळून सात पक्षी गेले, त्यातले दोन मामीचे. दहाव्या घरात चौदापैकी तीन राहिले. त्या घरची वहिनी नंतर कितीतरी दिवस मामीशी बोलली नाही, आणि यंदा सगळ्यात आधी पैसे तिनेच दिले.

आता विक्री. वर्षात 61 पैकी 38 विकल्या, 9 घरात खाल्ल्या, पाहुण्यांना आणि देवाला गेल्या, 14 राहिल्या. 38 पैकी 17 फाट्यावरच्या व्यापाऱ्याला, 12 पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या टेंटवाल्याला, 9 आखाडात.

आखाडाचं आधी सांगते कारण ते सगळ्यात चांगलं झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, श्रावण लागायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस म्हणजे कोंबडीवाल्यांची दिवाळी. 2023 ला अधिक श्रावण होता, 18 जुलैला लागलेला श्रावण पार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, लगेच गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, म्हणजे बाजारात गिऱ्हाईकच नाही असे तीन महिने. ज्यांनी आखाडात काढल्या नाहीत त्यांनी दिवाळीपर्यंत कणी घालत सांभाळल्या नाहीतर मातीमोल दिल्या. (दिवाळीतल्या त्या 550 मागे हेही होतं, मला तेव्हा कळलं नव्हतं.) 2024 ला गटारी 4 ऑगस्टला, तीही रविवारी. मामीने नोव्हेंबर-डिसेंबरात निघालेले 9 कोंबडे धरून ठेवले होते. लस झाली होती म्हणूनच एप्रिलमध्ये ते फुंकून टाकावे लागले नाहीत, ही साखळी लक्षात घ्या. 9 कोंबडे, 15 किलो 100 ग्रॅम, बाजारात बसून किलोला 400 ने, 6040 रुपये. त्यातला एक अख्खा काळा होता, तो वजनावर न मागता एका माणसाने नवसासाठी जास्त देऊ केले होते पण मामी म्हणाली देवाच्या कामाला जास्त घेऊ नये, आणि त्याच भावाने दिला. मी असते तर घेतले असते. तिचं बरोबर होतं.

टेंटवाल्याचं असं की मे अखेर ते जून मध्य भंडारदऱ्याला काजवे बघायला मुंबई-पुण्या-नाशिकची प्रचंड गर्दी होते, आणि प्रत्येकाला चुलीवरची गावरान कोंबडी आणि भाकरी हवी असते. टेंटवाला आमच्या शेजारच्या गावचाच. त्याला विचारलं तू कोंबडी कुठून घेतोस तर म्हणाला फाटेवाल्याकडून, किलोला साडेचारशे. म्हणजे आमच्याच वाडीची कोंबडी फाट्यावर जाऊन परत आमच्याच गावात येत होती. मामीने 350 सांगितले, त्याला शंभर वाचले, हिला शंभराच्या वर जास्त मिळाले. तीन शनिवार मिळून 12 पक्षी, 16 किलो 200, 5670 रुपये. एका शनिवारी पावसाने बुकिंग कॅन्सल झालं आणि सांगितलेल्या तीन कोंबड्या त्याने घेतल्या नाहीत, रात्री नऊला परत आणून दिल्या. पुढच्या आठवड्यात घेतल्या, पण मामेबहिणीने वहीत लिहिलंय, "आगाऊ निम्मे पैसे घ्यायचे." ते मात्र अजून जमलेलं नाही.

आणि ते 17. एकूण वजन 23 किलो 400, पैसे 5270, म्हणजे किलोला साधारण 225. हेच टेंटवाल्याच्या भावाने गेले असते तर 2920 रुपये जास्त आले असते. मी दिवाळीत वही उघडून हे मामीसमोर मांडलं, जरा तावातावानेच. काटा घरात आहे, वजन माहिती आहे, 350 देणारा माणूस माहिती आहे, मग हे 17 तिकडे का गेले? तिने काही न बोलता वहीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

5 पक्षी – मामाच्या पायाला कोयता लागला, दवाखाना. 4 – जूनमध्ये शाळा, वह्या, बूट. 3 – बचत गटाचा हप्ता. 3 – एप्रिलमध्ये खालच्या वाडीची मानमोडी ऐकून, घाबरून. 2 – तेल आणि साखर.

एकही ओळ अशी नाही की "भाव चांगला होता म्हणून." कोंबडी हा मामीचा माल नाहीये, ती तिची कपाटातली रक्कम आहे, पाच मिनिटात मोडता येणारी. आपण एटीएमला जाताना आज रेट काय आहे विचारतो का? घाई किती, यावर तिचा भाव ठरतो. त्यामुळे "शेतकऱ्याला मार्केटची माहिती द्या, भाव मिळेल" हे जे सगळीकडे बोललं जातं ते मला आता अर्धवट वाटतं. माहिती मामीला होती. हातात चार दिवस नव्हते.

आणि व्यापाऱ्याबद्दलही नीट लिहायला हवं कारण मी त्याला फार बोलले होते. ते दवाखान्याचे 5 पक्षी, ते त्याच्याच उचलीत गेले. भर पावसात मामाचा पाय सुजला तेव्हा त्याने फाट्यावर उभ्याउभ्या हजार रुपये दिले, कागद नाही, व्याज नाही, "कोंबड्या मोठ्या झाल्या की द्या मावशी." बँक सोडा, बचत गटही त्या संध्याकाळी हजार देऊ शकला नसता. तो दहा-बारा वाड्या फिरतो, पेट्रोल त्याचं, पिंजऱ्यात चार कोंबड्या उन्हाने मेल्या तर त्याच्या, आणि बर्ड फ्लूची बातमी आली की त्याचाही धंदा बसतो. 2021 च्या सुरुवातीला नवापूरला कोंबड्या मारल्या तेव्हा, नवापूर इथून कुठल्या कुठे, तरी आमच्या बाजारात दोन-तीन आठवडे कुणी कोंबडीला हात लावत नव्हतं. म्हणून 225 आणि 450 मधला सगळा फरक त्याचा नफा असं मी आता म्हणणार नाही. पण इतका फरक रास्त आहे असंही म्हणणार नाही, आणि उचल घेतलेल्या बाईला भाव बोलता येत नाही हे तो पुरेपूर जाणतो.

एकूण आले 16,980. खर्च कणी-तांदळाचा 1,900 च्या आसपास, लसीचा नऊ घरांतला वाटा बर्फ-जीपसकट 220, काटा 350. मामीचा आणि पोरीचा वेळ आम्ही धरला नाही, धरायला हवा होता. डोंगरातल्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून चौदा-साडेचौदा हजार. देशाच्या 2019 च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या 31 कोटी 70 लाख निघाल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास 46 टक्के जास्त. तो आकडा वाचला की मला आता मामीचं खुराडं दिसतं, अशा किती खुराड्यांची ती बेरीज आहे.

यंदा दोन गोष्टी बदलल्यात. नऊ घरांनी, म्हणजे आता दहा, दर महिन्याला घरटी पन्नास रुपये एका डब्यात टाकायला सुरुवात केलीये. बचत गट वेगळा, हा फक्त कोंबड्यांचा. नियम एकच, अडचण आली की डब्यातून घ्यायचे आणि कोंबडी नीट भावाने विकून महिन्याभरात परत टाकायचे. आतापर्यंत चौघींनी घेतले, तिघींनी परत केले. चौथीचे यायचेत, तिचा मुलगा आजारी आहे, कुणी मागितले नाहीत.

दुसरं, फाटेवाला स्वतः काटा घेऊन यायला लागलाय. पहिल्यांदा मामीने पिशवीतून काटा काढला होता तेव्हा तो म्हणाला होता, "काट्यावर नाय घेत मावशी, नगावर द्यायची तर द्या." आता बाजूच्या दोन वाड्यांनीही काटे आणले, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. गेल्या महिन्यात मी बरोबर होते. मामीने तलंग आधी आपल्या काट्याला लावली, 1 किलो 350. मग त्याच्या काट्याला, 1 किलो 300. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामीने तलंग सोडवून पुन्हा आपल्या काट्याला लावली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "आता बोल."